पक्की सासू, कच्ची सून : रुग्णालयातल्या झाडूचा इतिहास



आजच्या भागात एकही राजा नाही आणि एकही लढाई नाही. आज मी झाडू, पोछा आणि फिनेलच्या बादलीबद्दल बोलणार आहे. इतिहासाच्या गप्पांत हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण थोडा धीर धरा. मुंबईचा प्लेग, सर्वोच्च न्यायालय, वेतन आयोग, कोविड हे सगळं या बादलीच्या आसपास येणार आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करतो.

माझा मुलगा नोकरीनिमित्त तिकडे उत्तरेत असतो. त्याचं घर सेक्टर ६७ मध्ये. गावाकडे कुणी विचारलं तर आम्ही सरळ ‘चंदीगड’ म्हणून सांगतो. खरं म्हणजे चंदीगडची हद्द संपली तरी सेक्टरांचे आकडे संपत नाहीत. पुढे पंजाबचं मोहाली लागतं आणि तिथे तीच मोजणी चालू राहते. सेक्टर ६७ त्या मोजणीतला. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिथे राहायला गेलो आणि आठवडाभरातच हिचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. तिथल्याच एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. मी नऊ रात्री तिच्या खाटेशेजारच्या बाकड्यावर काढल्या.

ज्यांनी रुग्णालयात रात्री काढल्या आहेत त्यांना हा हिशेब ठाऊक असेल. मोठे डॉक्टर दिवसातून एकदा येतात. नर्स चार-सहा वेळा येते. सफाईची बाई मात्र आठ-दहा वेळा येते. भांडं उचलते, फरशी पुसते, उलटी झाली तर तीच धावते, कचऱ्याची पिशवी बांधते आणि दुसरी लावते. आपल्याकडे अशा बाईला ‘मावशी’ म्हणतात आणि पुरुष असेल तर ‘मामा’. नाव सहसा कुणी विचारत नाही. तिकडे तिला सगळे ‘दीदी’ म्हणत होते. नाव मीही विचारलं नाही.

पहाटे साडेचारला तिची फेरी असे. माझी मराठी वळणाची हिंदी ऐकून तिला हसू यायचं. मला ती ‘बाऊजी’ म्हणायची. एकदा मी विचारलं, नोकरी पक्की आहे का? ती म्हणाली, “माझी सासू पक्की होती बाऊजी. सरकारी इस्पितळात होती, पेन्शन घेते. मी कच्ची. अकरा वर्षं झाली, कच्चीच आहे.”

पंजाबात हे शब्द रोजच्या वापरातले आहेत. कायम नोकरी असलेला तो पक्का, ठेकेदाराकडचा किंवा हंगामी तो कच्चा. ‘कच्चे मुलाजम’ हा तिथल्या मोर्चांमधला आणि निवडणुकांमधला नेहमीचा शब्द. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. सासू पक्की आणि सून कच्ची, हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की या दोघींच्या मधे नेमकं काय घडलं? काम तेच, घर तेच, मग नोकरी कुठे गेली?

सहाव्या दिवशी तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली. पिशवी बांधताना आतली सुई टोचली होती. मी म्हटलं, कुणाला सांगितलंस का? ती म्हणाली, “सांगितलं की सुपरवायझर विचारणार, मोजे का घातले नव्हते. आणि तपासणीला गेलं की हजेरी बुडते.” मला राहवलं नाही. मी जाऊन रात्रपाळीच्या सिस्टरना सांगितलं. पुढचे दोन दिवस ती आली नाही, तिच्या जागी दुसरीच बाई आली. ते दोन दिवस मला फार जड गेले. त्या बाईचं काय झालं ते मी शेवटी सांगतो. आता आपण सव्वाशे वर्षं मागे, मुंबईत जाऊ. सासूच्याही आधीची गोष्ट तिथे आहे.

काम सोडणं हा गुन्हा

१८४५ साली मुंबईत जे. जे. रुग्णालय सुरू झालं, तेव्हा शहरात आजच्यासारखी मैलावाहिनी नव्हती. घर असो, चाळ असो की रुग्णालय, मैला माणसं हाताने उचलत आणि टोपलीतून वाहून नेत. या कामकऱ्यांना मुंबईत ‘हलालखोर’ म्हणत. ज्याची कमाई हलाल, म्हणजे कष्टाची, तो हलालखोर. नाव इतकं चांगलं, पण वागवणूक त्याच्या नेमकी उलटी. महापालिका घरमालकांकडून ‘हलालखोर कर’ घेत असे. जुन्या मुंबईत दोन इमारतींच्या मधली अरुंद गल्ली आणि मागच्या बाजूचा गोल लोखंडी जिना अजून कुठे कुठे दिसतो. शौचकूप साफ करणाऱ्याने पुढच्या दाराने येऊ नये, कुणाच्या नजरेस पडू नये, म्हणून ही वेगळी वाट. तुमच्या शहरात असा जिना दिसला तर थांबून बघा. जातिव्यवस्था लोखंडात ओतली की कशी दिसते ते कळेल.

मुंबईत हे काम करणारे बरेचसे गुजरात-काठियावाडातून आलेले होते. पुणे, नागपूर अशा ठिकाणी छावण्यांबरोबर उत्तरेकडून मेहतर कुटुंबं आली. रस्ते झाडायला कोकणातले आणि घाटावरचे दलित होते. भाषा वेगवेगळ्या, पण कामाने सगळ्यांना एकाच बाजूला ठेवलं.

१८८९ साली मुंबईच्या हलालखोरांनी संप केला. दोन-चार दिवस हे काम थांबलं तर मोठ्या शहराचं काय होतं, हे सरकारला दिसलं. यावर उपाय काय काढला असेल? पगार वाढवून काम टिकवता आलं असतं. सरकारने १८९० साली कायदा केला, ‘बॉम्बे म्युनिसिपल सर्व्हंट्स ॲक्ट’. आगाऊ नोटीस न देता या कामावरून निघून जाणं हा गुन्हा ठरला आणि त्याला शिक्षाही ठेवली. गिरणी कामगार काम सोडून गावी जाऊ शकत होता, हलालखोर जाऊ शकत नव्हता. ज्याच्यावाचून अडतं त्याला मान मिळतो, असं आपण समजतो. इथे त्याच्यावाचून अडतं म्हणून त्याला बांधून ठेवलं.

प्लेग आणि आयुक्तांची भीती

सात वर्षांत प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. प्लेगचं नाव काढलं की मराठी माणसाला पुणे आठवतं, रँड आणि चाफेकर बंधू आठवतात. २२ जून १८९७ ही तारीखही अनेकांना पाठ असते. पण त्याच्या आठ महिने आधी मुंबईत जे घडलं ते आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही.

ऑक्टोबर १८९६ च्या सुरुवातीला महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी हुकूम काढला, की रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवावं. लोक बिथरले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लगोलग स्नो यांनी सक्ती सैल केली. दंगलीची भीती हे एक कारण होतंच. पण स्नो यांच्या मनात आणखी मोठी भीती होती आणि त्यांनी ती लिहूनही ठेवली. शहरातून लाखो लोक पळत होते. त्यांच्याबरोबर हलालखोर आणि झाडूवालेही पळाले तर? मग मुंबई राहण्याजोगी उरणार नव्हती.

गंमत बघा. डॉक्टर होते, तरी प्लेगवर औषध नव्हतं. उंदरावरच्या पिसवांमधून हा रोग पसरतो हे सिमाँ यांनी मांडलं ते १८९८ साली. हाफकिन यांनी स्वतःवर लस टोचून पाहिली ती जानेवारी १८९७ मध्ये. १८९६ च्या त्या हिवाळ्यात शहराच्या हातात होतं ते कार्बोलिक, चुना, पाणी, झाडू आणि ते सगळं वापरणारी माणसं. साम्राज्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराचा आयुक्त त्या माणसांच्या पावलांकडे लक्ष ठेवून होता. ते निघाले की सगळं संपलं.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. मार्च २०२० मध्ये तोच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला, हे तुम्हाला आठवत असेल.

सासू पक्की कशी झाली

विसाव्या शतकात चित्र पालटलं, ते आपोआप नाही. मुंबईत महापालिकेच्या कामगारांचा संघ उभा राहिला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याचे अध्यक्ष होते. १९४९ साली मुंबई सरकारने वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. पुढे केंद्राने मलकानी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणं बंद करा, घरं द्या, पगार नीट द्या, हे त्यांचे विषय.

दुसरीकडे सरकारी नोकरीची रचना बदलत होती. इंग्रजी अमलात खालच्या नोकऱ्यांना सरळ ‘इन्फिरिअर’, म्हणजे हलक्या, म्हणत. स्वातंत्र्याच्या सुमारास पहिल्या वेतन आयोगानंतर ‘चतुर्थ श्रेणी’ हा शब्द आला. श्रेणी शेवटचीच, पण त्यासोबत वेतनश्रेणी, रजा, भविष्य निर्वाह, निवृत्तिवेतन आणि बऱ्याच ठिकाणी राहायला खोली आली. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांच्या आवारातल्या चाळी आठवा. तिथे वाढलेली मुलं पुढे कारकून झाली, परिचारिका झाली, काही डॉक्टरही झाली. झाडूच्या पगारावर एक पिढी शिकली.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट झाली. लाड समिती आणि पागे समितीच्या शिफारशींवरून १९७५ पासून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळू लागली. २४ फेब्रुवारी २०२३ ला राज्य सरकारने या तरतुदी एकत्र करून नवा शासन निर्णय काढला. या वारसा हक्काबद्दल कामगार वस्त्यांत आजही दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, हे आमचं एकमेव संरक्षण आहे, त्याला हात लावू नका. दुसरं म्हणतं, बापाचा झाडू पोराच्या हातात देण्याची सोय म्हणजे जात टिकवण्याचीच सोय. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. उपाशी पोराला तत्त्वज्ञान सांगून भागत नाही. आणि पोटासाठी मिळालेली नोकरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच कामाला जखडून ठेवते, हेही खोटं नाही.

पण या वादात एक गृहीत असतं, की वारसाला द्यायला जागा शिल्लक आहे. इथेच सूनबाईची गोष्ट सुरू होते.

जागा कुठे गेली

१९७० साली कंत्राटी कामगार कायदा झाला. ठरावीक कामांत ठेकेदारी बंद करण्याचा अधिकार त्यातून सरकारला मिळाला. त्याखाली ९ डिसेंबर १९७६ ला केंद्राने अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारती झाडणं, पुसणं, स्वच्छ ठेवणं आणि राखणं, या कामांत ठेकेदारी बंद. पंचवीस वर्षं हा आधार होता. ३० ऑगस्ट २००१ ला ‘स्टील अथॉरिटी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती अधिसूचना रद्द केली. प्रत्येक आस्थापनेचा वेगळा विचार न करता सरसकट बंदी घातली, हा तिच्यातला दोष. शिवाय ठेकेदारी बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा नोकर होत नाही, असंही न्यायालयाने सांगितलं.

२००६ च्या उमादेवी निकालाने हंगामी लोकांना कायम करण्याची वाट अरुंद केली. २००८ मध्ये सहाव्या वेतन आयोगाने केंद्रातली चतुर्थ श्रेणीच संपवली. जे नोकरीत होते त्यांना वरच्या गटात घेतलं आणि ते चांगलंच झालं. पण नव्या भरतीला दहावीची अट आली, आणि झाडण्या-पुसण्याचं काम हळूहळू बाहेरच्या कंपन्यांकडे गेलं. राज्यांनी आणि महापालिकांनी तोच रस्ता धरला. खासगी रुग्णालयांत तर बहुतेक ठिकाणी सुरुवातच ठेक्याने झाली.

म्हणजे काम संपलं नाही, जागा संपली. झाडू सासूकडून सुनेकडे आला, जागा आली नाही.

नंतरच्या काही निकालांनी थोडी दुरुस्ती केली. २६ ऑक्टोबर २०१६ ला पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की तेच काम करणाऱ्या हंगामी माणसालाही समान वेतन मिळालं पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाईच्या बायकांना वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर कायम करण्याचा आदेश झाला. पण दुसरीकडे २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ‘मुख्य काम’ याची व्याख्या आहे. संस्था खास त्याच कामासाठी उभी राहिलेली नसेल, तर झाडणं, पुसणं आणि कचऱ्याची विल्हेवाट हे तिचं मुख्य काम धरलं जात नाही. म्हणून तिथे ठेकेदारी चालते. बँकेसाठी ही व्याख्या मी एक वेळ मान्य करीन. रुग्णालयासाठी मला ती पटत नाही.

का, ते सांगतो.

हे काम म्हणजे काय

रुग्णालयाची फरशी घरच्यासारखी झाडत नाहीत. कोरडा झाडू मारला की धूळ उडते आणि धुळीबरोबर जंतू उडतात, म्हणून ओल्या पोछ्याने पुसायचं. कमी घाणीच्या जागेकडून जास्त घाणीच्या जागेकडे जायचं, उलट नाही. रक्त सांडलं तर आधी त्यावर क्लोरीनचं द्रावण ओतून ठरलेली मिनिटं थांबायचं आणि मग पुसायचं. घाई केली तर पुसल्यासारखं दिसतं, पण जंतू मरत नाहीत. संसर्गाचा रुग्ण गेला की त्याची खाट, गादी, कठडे, सलाईनचा स्टँड आणि दाराची मूठसुद्धा पुसायची.

कचऱ्याचे नियम १९९८ साली आले आणि २०१६ मध्ये नव्याने झाले. पिवळ्या पिशवीत शरीराचे भाग आणि रक्ताने माखलेल्या पट्ट्या. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, हातमोजे. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काच निळ्या खोक्यात. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस दिली पाहिजे, हेही त्याच नियमांत आहे. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता सहा ते तीस टक्के असते. एचआयव्हीची हजारात तीन, आणि त्यावरचं प्रतिबंधक औषध बहात्तर तासांच्या आत सुरू करावं लागतं. एका नर्सने घाईत सुई चुकीच्या पिशवीत टाकली, तर किंमत पिशवी बांधणारीला मोजावी लागते. आणि बाईने घाईत फरशी पुसली, तर किंमत टाके घातलेल्या रुग्णाला. माझी बायको तेव्हा त्याच खाटेवर होती. हे काम रुग्णालयाचं मुख्य काम नाही, असं मी कसं म्हणू?

ऑक्टोबर २०२४ मध्ये चंदीगडच्या पीजीआयमध्ये कंत्राटी कर्मचाऱ्यांनी थकबाकीसाठी काम थांबवलं, तेव्हा उत्तर भारतातल्या या मोठ्या संस्थेला ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. सर्जन हजर होते, यंत्रं चालू होती. १८८९ च्या मुंबईने जे पाहिलं, तेच चंदीगडने पाहिलं.

कोविडमध्येही पाहिलंच. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर झाला, त्यात सफाई कर्मचारी आणि कंत्राटी लोकही धरले होते. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं, तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस एका सफाई कर्मचाऱ्याला दिली गेली. फोटो देशभर छापला गेला. ते योग्यच झालं. पण साथ ओसरली आणि ठेका होता तिथेच राहिला. भीती असते तोवर हा माणूस योद्धा असतो. भीती गेली की त्याची हजेरी पुन्हा सुपरवायझरच्या वहीत.

तिसऱ्या दिवशी

आता त्या बाईचं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती आली. सिस्टरनी तिला तपासणीला पाठवलं होतं. रक्त घेतलं, औषध दिलं, हिपॅटायटिसच्या लशीचा पहिला डोस दिला. अकरा वर्षांत पहिला. दोन दिवसांचे पैसे मात्र गेले. मी पाकीट काढलं, तर तिने हात जोडले. म्हणाली, “बाऊजी, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलंत. पण पुढच्या वेळी आधी मला विचारा.”

मी मान खाली घातली. तिच्या जिवाची काळजी मला होती, पण तिच्या हजेरीचा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. सासूला सुई टोचली असती तर तिने बिनघोर जाऊन सांगितलं असतं, कारण तिची रजा भरपगारी होती. ‘पक्की’ या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला. दुखलं तर ‘दुखलं’ असं म्हणायची सोय.

निघायच्या दिवशी मी तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं. ते मी इथे सांगत नाही, कारण तिला अजून तिथेच काम करायचं आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आई, आजी, वडील रुग्णालयात सफाईच्या कामाला होते का? त्यांची चाळ, त्यांचा मुकादम, त्यांचा पहिला पगार, त्यांचा संप, जे आठवत असेल ते लिहून ठेवा. मराठीत लिहा, गुजरातीत लिहा, मेहतर घरात बोलतात तशा हिंदीत लिहा. आयुक्तांचे अहवाल दप्तरात सापडतात. यांच्या आठवणी मात्र माणसाबरोबर जातात.

आणि रुग्णालयात गेलात तर मावशींना नाव विचारा. सल्ला द्यायच्या आधी त्यांचं ऐका. मला तेवढं उशिरा सुचलं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.